पहिल्या बाणाआधी

ओत्सु, २ डिसेंबर

हारुओमी,

पत्राच्या सुरुवातीला ऋतूबद्दल दोन ओळी लिहायच्या अशी आपली रीत आहे. सरोवरावर धुकं उतरलं, रानबदकं आली, वगैरे. त्या मी लिहिल्या असं समज. तुझी वाचायची चिकाटी मला ठाऊक आहे, म्हणून कामाची गोष्ट पहिल्याच पानावर उरकते.

योरिकोचा फोन आला होता, नवरा स्वतःहून कळवणार नाही हे तिला ठाऊक आहे. जानेवारीत तुझं पित्ताशय काढणार आहेत म्हणे. खुशाल काढू देत. ते काही तुझ्या विचारशक्तीचं केंद्र नव्हे, असलं तरी फरक पडणार नाही. मात्र भूल देण्याआधी तू तिथल्या डॉक्टरांना एक वाक्य सांगायचं आहेस: "माझी मूठ आवळली की चटकन सुटत नाही, आणि माझ्या वडिलांचीही सुटत नसे." एवढंच. शाळेतल्या नाटकात तुला याहून लांब वाक्य दिलं होतं आणि तू ते पाठ केलं होतंस. हे सांगितलं नाहीस तर तू त्या टेबलावरून उठणार नाहीस असा चांगलाच संभव आहे. बाबा उठले नव्हते.

मला हे कसं कळलं ते ऐक. ऑक्टोबरच्या शेवटी कॉलेजातल्या वर्गाचा हीटर बिघडला होता. मी फळ्यावर धातूंची रूपं लिहीत होते. लिहून झालं, खडू ठेवायला गेले तर बोटं उघडेनात. खडू बोटांत, हात हवेत. माझ्या विद्यार्थ्यांना, ज्यांतले निम्मे बापाचं देऊळ चालवायला जाणार आहेत, वाटलं की बाई संस्कृत भूतकाळात ध्यानस्थ झाल्या. त्यांनी माना खाली घातल्या. आपल्या देशात माणूस हलायचा थांबला की लोक माना खाली घालतात. का थांबला, असं विचारणं असभ्य.

मी क्योतोला उगाजिन नावाच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. स्नायूंच्या तज्ज्ञ आहेत, आणि सभ्यता त्यांना फारशी शिकवलेली नाही.

"मूठ वळा," त्या म्हणाल्या. "आता सोडा. सोडा म्हणतेय."

"सोडतेच आहे."

"कधीपासून असं?"

"लहानपणापासून. आमच्या घरात सगळ्यांचं असंच आहे."

"सगळ्यांचं म्हणजे कोणाचं?"

"वडिलांचं होतं. धाकट्या भावाचं आहे. त्यांचं माझ्याहून जास्त."

"भाऊ काय करतात?"

"धनुर्विद्या शिकवतो. वडीलही तेच शिकवत."

बाईंनी हातातली रबरी हातोडी खाली ठेवली आणि खिडकीकडे तोंड करून हसल्या. मग माफी मागितली आणि पुन्हा हसल्या. त्यानंतर त्या हातोडीने त्यांनी माझ्या अंगठ्याच्या मुळाशी, तळहाताच्या फुगीर भागावर, टक्कन मारलं. अंगठा आत वळला आणि गोगलगाय शंखातून बाहेर येते तितक्या सावकाश परत आला. "हा रोग आहे," त्या म्हणाल्या. "जन्मजात. घराण्यातून येतो. एरवी निरुपद्रवी. असे लोक दिसायला उलट धष्टपुष्ट असतात, कारण त्यांचे स्नायू काम नसतानाही व्यायाम करत बसलेले असतात."

बाबांच्या पोटऱ्या आठव. देवळाच्या दारातल्या लाकडी द्वारपालांसारख्या. शिष्य त्यांचे फोटो काढत.

आणि आता टेबलाबद्दल. भूल देताना स्नायू ढिले पडावेत म्हणून एक औषध टोचतात. तुझ्यामाझ्यासारख्यांचे स्नायू त्याने ढिले पडायच्या ऐवजी आवळतात. जबडा मिटतो, छाती लाकूड होते, श्वासाची नळी आत जात नाही. सोळा वर्षांपूर्वी बाबा हर्नियासाठी आत गेले, तेव्हा बाहेर येऊन त्या तरुण डॉक्टरने काय सांगितलं होतं ते मी विसरलेले नाही: "तोंड उघडेचना, काय करणार." त्या बिचाऱ्याला कोणी काही सांगितलं नव्हतं. आम्हालाच ठाऊक नव्हतं. तुला मात्र आता ठाऊक आहे.

मागच्या महिन्यात बाबांचं, मृत्यूचं वर्ष धरून मोजतात तसं, सतरावं वर्षश्राद्ध झालं. तू आला नाहीस, ठीक. इगावाने भाषण केलं. बाबांनी धनुःशाळा तुला न देता त्या माणसाला का दिली हे त्याचं भाषण ऐकताना कधीच कळत नाही. तो म्हणाला, "गुरुजींनी शेवटचा श्वाससुद्धा सोडला नाही. धरून ठेवला." सगळ्यांनी डोळे पुसले. मी आंबवलेला मासा खात होते. तो सोडायचं मलाही काही कारण दिसलं नाही.

ते एक वाक्य पाठ कर.

मिनेको


ओत्सु, ११ डिसेंबर

हारुओमी,

तुझं पोस्टकार्ड मिळालं. ब्रशने लिहिलेलं. अक्षर सुधारलेलं नाही, फक्त मोठं झालं आहे. "ताई, धारणा हा रोग नव्हे. जे तुला आलं नाही त्याला नावं ठेवू नकोस. तुझं संस्कृत तुझ्यापाशी ठेव."

ठेवते. पण आधी थोडं देते.

धनुष्य पूर्ण ताणून, बाण सोडण्यापूर्वी स्थिर राहायचं, त्या क्षणाला तुम्ही लोक धारणा म्हणता आणि ती जितकी लांब तितका माणूस पोहोचलेला मानता. बाबांची धारणा बघायला ओसाकाहून बसेस भरून लोक येत. त्यातल्या एकालाही तीन साध्या गोष्टी दिसल्या नाहीत. सकाळचा पहिला बाण सगळ्यांत जास्त वेळ धरला जायचा. दुसरा त्याहून कमी. दहाव्या बाणापर्यंत बाबा शिकायला येणाऱ्या गावातल्या पोस्टमनइतक्याच वेळात सोडायचे. इगावाचं भाष्य: "पहिल्या बाणाला मन कोरं असतं." दुसरी गोष्ट, थंडीत धारणा वाढायची. इगावाचं भाष्य: "थंडी मनाचा मळ काढते." तिसरी, गरम पाण्याच्या स्नानानंतर ती नाहीशीच व्हायची. यावर भाष्य नाही, कारण स्नानानंतर बाबांना कोणी धनुष्य दिलंच नाही.

उगाजिनबाईंनी मी काही सांगायच्या आधी हेच तिन्ही मुद्दे मला विचारले. "पहिल्यांदा घट्ट, मग वापरून वापरून सैल, बरोबर? गारठ्यात वाईट?" म्हणजे बाबांच्या साधनेची लक्षणं एका बाईच्या पाठ्यपुस्तकात छापलेली आहेत, आणि ती बाई आयुष्यात धनुःशाळेत गेलेली नाही.

आता स्नायू म्हणजे काय ते समजून घे. धनुष्य ओढायला तू चाळीस वर्षं ते वापरतो आहेस. एकदा ओळख झालेली बरी. माझ्या जुन्या संस्कृत वैद्यांनी अंगातल्या मांसपेशी पाचशे मोजल्या आणि बाईच्या अंगात वीस जास्त. हे वाचून मी एकेकाळी हसले होते. इगावाला भेटल्यापासून मी त्या वैद्यांना माफ केलं आहे, त्यांनी निदान मोजलं तरी.

तुझ्या हाताचं मांस म्हणजे एक गोळा नव्हे. भाताच्या पेंढीसारखी ती पेंढी आहे, पेंढीत लहान पेंढ्या, त्यांत केसाहून बारीक धागे, आणि प्रत्येक धाग्यात आणखी बारीक दोऱ्यांची जुडी. त्या दोऱ्यांत दोन जातींचे तंतू आलटून पालटून बसवलेले: जाड आणि बारीक. स्नायू आखूड होतो तेव्हा यातला कोणताच तंतू आखूड होत नाही. आपल्या घरातली कागदी सरकती दारं आठव. एक दार दुसऱ्याच्या पाठीमागे सरकतं, दोघांची लांबी तीच, पण मधली जागा कमी होते. एवढंच घडतं. फक्त दारं लाखो आहेत आणि सगळी एकाच वेळी सरकतात.

सरकवतं कोण? जाड तंतूवर इवली इवली डोकी असतात. मज्जातंतूकडून हुकूम आला की स्नायूच्या आतल्या कोठारांतून कॅल्शियम सुटतं, बारीक तंतूवरच्या जागा मोकळ्या होतात, आणि ही डोकी तिथे चिकटतात, वाकतात, ओढतात, सोडतात, पुढची जागा धरतात. कोळी जाळं ओढतात तसं, हातावर हात.

उगाजिनबाई पुढे जे म्हणाल्या ते मी घरी येताना बसमध्ये घोळवत आले. त्या म्हणाल्या, "लोकांना वाटतं धरायला ताकद लागते. सोडायलाही लागते. प्रत्येक डोक्याला सुटण्यासाठी इंधनाचा नवा कण हवा असतो. तो नसेल तर ते चिकटूनच राहतं. माणूस मेल्यावर ताठ होतो तो त्यामुळे."

धरून राहणं हे असं आहे, हारुओमी. ते प्रेतालासुद्धा जमतं.

आपल्या रोगात इंधन आहे, पण हुकूम थांबत नाही. देवळातली घंटा वाजवून माणूस घरी गेला तरी नाद घुमत राहतो, तसा मज्जातंतू गप्प झाल्यावरही स्नायूच्या पापुद्र्यावर तो हुकूम घुमत राहतो. नाद शमवायची दारं आपल्यात जन्मतः अर्धी बंद आहेत. म्हणून डोकी धरतात, पुन्हा धरतात. माणूस "सोड" म्हणतो आणि हाताला "धर" ऐकू येतं. ओसाकाहून लोक हे बघायला येत होते.

आईला मात्र सगळं कळलं होतं. तिला नाव माहीत नव्हतं इतकंच. बाबांच्या हातातून चहाचा पेला सुटेना की ती कढत पाण्यात पिळलेला पंचा त्यांच्या मुठीवर टाकायची. "धरलंत ना पोटभर, आता द्या इकडे, मला भांडी घासायचीत." तिने त्याला कधी धारणा म्हटलं नाही. तिला कोणी व्यासपीठावर बसवलंही नाही.

ते वाक्य. डॉक्टरांना. दाराशी चपला काढतानाच सांगितलंस तरी चालेल.

मिनेको

इगावाला दर्शनी भिंतीवर लावायला एक भारदस्त संस्कृत शब्द हवा होता. मी "स्तम्भ" लिहून दिला. तो खांब समजून खूश आहे. जुने वैद्य अंग आखडण्यालाही हाच शब्द वापरत, हे मी त्याला सांगितलेलं नाही. तू सांगणार असशील तर तुमचं बोलणं तरी सुरू होईल.


ओत्सु, २७ डिसेंबर

हारुओमी,

तू योरिकोला गप्प बसायची ताकीद दिलीस, म्हणून ती मला गावातल्या सार्वजनिक स्नानगृहाबाहेरच्या फोनवरून बोलते. पन्नाशीला आलेली बाई, डोक्याला ओला टॉवेल, तिकडे उत्तरेला तुमच्या हाकोदातेच्या बर्फात. तिने मला सांगितलं की तुझं ऑपरेशन करणारे ताकिनामि हे तुझेच शिष्य आहेत आणि सहा वर्षं तुझ्या धनुःशाळेत येतात.

तेव्हा मी त्यांनाच फोन केला. उगाजिनबाईंचं पत्रही फॅक्सने पाठवलं. फोन असा झाला:

"आपण गुरुजींच्या थोरल्या भगिनी का? वा, वा. गुरुजी आपल्याबद्दल बोलतात."

"काय बोलतात?"

"आपण फार शिकलेल्या आहात असं."

"तुम्हीही शिकलेले आहात. त्याच्या मुठीबद्दल पत्र पाठवलंय, वाचलंत?"

"वाचलं. आपल्याला काळजी वाटणं साहजिक आहे. मी स्वतः गुरुजींचा हात तपासला. अगदी नॉर्मल. इतक्या मोकळेपणाने उघडणारी बोटं मी पाहिलेली नाहीत."

"कधी तपासलात?"

"परवा. सरावानंतर."

"किती बाण मारल्यानंतर?"

"गुरुजी रोज शंभर मारतात," ते अभिमानाने म्हणाले.

मी त्यांना विचारलं, डॉक्टरसाहेब, तुम्ही विद्यार्थी असताना माणसाचा हात कापून आतला प्रत्येक स्नायू चिमट्याने उचलून पाहिला असेल ना? म्हणाले, हो तर. मग सहा वर्षं तुमच्यासमोर एक अंगठा उघडत नाहीये, तुम्ही काय पाहत होतात? ते म्हणाले, "ताईसाहेब, मी शून्य पाहत होतो."

मी फोन ठेवला. बुद्धाने शून्याबद्दल काय म्हटलं हे शिकवण्याचा मला पगार मिळतो, पण त्यात भूलतज्ज्ञाची गरज संपते असं मला कुठे आढळलेलं नाही.

शंभर बाणांनंतर तपासलं तर तुझा हात नॉर्मलच असणार. त्यांना ते कळत नाही. तुला कळतं. तू त्यांना सरावानंतर का बोलावलंस, आधी का नाही, हेही मला कळतं. तुला माझं पटलेलं आहे, हारुओमी. पटलेलं नसतं तर तू हात कधीही दाखवला असतास.

म्हणजे प्रश्न रोगाचा नाहीच. तू बर्फात शाळा काढलीस, खेकडे पकडणारे, कस्टममधून निवृत्त झालेले, एक डॉक्टर, असे चाळीसेक लोक जमवलेस, आणि ते सगळे तुझ्या उघडत नसलेल्या अंगठ्याकडे बघायला येतात. "हे दुखणं आहे" असं म्हटलंस तर उद्या सकाळी कोण येईल? त्यापेक्षा टेबलावर जबडा मिटून पडणं तुला बरं वाटतं. योरिकोला काय वाटतं ते तू विचारलं नाहीस. ती स्नानगृहाबाहेर रडत होती. तसं तिने सांगितलं नाही, पण नाणी टाकायला तिला फार वेळ लागत होता.

मिनेको


ओत्सु, ६ जानेवारी

हारुओमी,

नववर्षाचं कार्ड तू पाठवलं नाहीस, मीही नाही. चला, एवढ्या बाबतीत तरी आपण भाऊबहीण आहोत.

एक जुनी गोष्ट राहिली होती. वीस वर्षांपूर्वी शाळेच्या वारसाची परीक्षा झाली, तेव्हा मी चहा द्यायला बसले होते. माघातली थंडी. तू पहिलाच बाण इतका वेळ धरलास की इगावाने डोळे मिटून घेतले. बाबांनी डोळे मिटले नाहीत. तू धनुष्य खाली ठेवल्यावर ते सगळ्यांसमोर म्हणाले, "ही माझी नक्कल आहे. पोराने आरशासमोर बसून घोटलेली." आणि शाळा इगावाला दिली. तू त्याच रात्री गेलास. त्यांच्या अंत्यविधीला आलास तोही फाटकाबाहेर उभा राहून परत फिरलास. मी खिडकीतून पाहिलं.

गेली वीस वर्षं तू हाकोदातेत बसून एकच गोष्ट सिद्ध करतो आहेस: की ती नक्कल नव्हती.

नव्हतीच, मूर्खा. उगाजिनबाईंचं ते पत्र ताकिनामिंकडून मागून नीट वाचलंस तर तेवढंच त्यात लिहिलेलं आहे. उगाजिनबाईंना मी मुद्दाम विचारलं, एखादा मुलगा हे बापाचं बघून शिकू शकेल का? म्हणाल्या, "अशक्य. नाटक करणाऱ्याचा अंगठा हातोडीने आत वळत नाही." बाबांनी भर सभेत तुला खोटा ठरवलं, आणि तू तर त्या खोलीतला त्यांच्याखालोखाल सर्वांत खरा माणूस होतास. तुला त्यांच्याकडून जे मिळालं ते इगावाला जन्मात मिळणार नाही. शाळा मिळाली त्याला.

हे तुझ्या बाजूचं एकमेव प्रमाणपत्र आहे आणि तू ते चुलीत घालायला निघाला आहेस, कारण त्यावर रोगाचं नाव आहे.

कडाक्याच्या थंडीतला पहाटेचा सराव तुझ्याकडे वीस तारखेपासून असतो ना? मी येते आहे. आंबवलेला मासा आणते. गाडीत लोक माझ्यापासून दूर बसतील, ते मला चालतं.

मिनेको


ओत्सु, २ फेब्रुवारी

हारुओमी,

घरी पोहोचले. योरिकोने फोन करून सांगितलं की तू हॉस्पिटलची कांजी नको म्हणून तक्रार करतो आहेस. म्हणजे जबडा उत्तम चालतो आहे.

तुझं पोस्टकार्डही माझ्या आधी येऊन पडलं होतं. बिछान्यावर बसून लिहिलेलं, त्यामुळे अक्षर प्रथमच माणसाच्या आकाराचं आहे. त्यात तू त्या पहाटेची जी हकीकत लिहिली आहेस ती तू सगळ्यांना सांगणार असशील, म्हणून माझ्याकडची लिहून ठेवते.

मी मुद्दाम लवकर आले. ओसरीच्या पायऱ्यांवर बर्फ होता, आत फळ्यांच्या जमिनीवर अनवाणी पायांची रांग, सगळ्यांच्या तोंडांतून वाफ. कोणी अजून धनुष्याला हात लावलेला नव्हता. तूही नाही, तुझा हरणाच्या कातड्याचा हातमोजा समोर ठेवलेला होता. तू मला पाहिलंस आणि कमरेत वाकलास. वीस वर्षांनी. मीही वाकले. ताकिनामि वाकले, कस्टमवाले आजोबा वाकले, खेकडेवाले वाकले. आपला देश असा आहे की इथे माणूस जन्मभर आवळलेली मूठ घेऊन वावरला तरी कोणाला कळत नाही, कारण कोणी कोणाच्या हाताला हात लावत नाही. परदेशी लोकांसारखे आपण हात मिळवत असतो तर बाबांचं गुपित पहिल्याच दिवशी एखाद्या विमा एजंटला कळलं असतं.

"ताई, आत चल," तू म्हणालास. "चहा घे."

"चहा नंतर. आधी हात दे."

"हात?"

"परदेशात वीस वर्षांनी भेटलेले लोक हात मिळवतात. मी दिवसभर परदेशी भाषा शिकवते, मला सवय लागलीय."

रांगेत कोणीतरी हसलं. ताकिनामि म्हणाले, "ताईसाहेब विनोदी आहेत हं." तू हसला नाहीस. तू माझ्या हाताकडे पाहिलंस, मग हातमोज्याकडे, मग परत हाताकडे. तुला चांगलं ठाऊक होतं मी तो का पुढे केला आहे. तू "सर्दी झालीय" म्हणू शकला असतास. वाकून मोकळा होऊ शकला असतास. पण तू तो धरलास, आणि नुसता धरला नाहीस, दाबलास.

मीही दाबला. गारठलेली फळी, पहाट, पहिली पकड. जे व्हायचं तेच झालं.

"सोड," मी म्हणाले.

"तू सोड."

"मी मोठी आहे."

"मग तू आधी."

शिष्यांच्या माना हळूहळू खाली जाऊ लागल्या. त्यांना यातही काहीतरी दिसायला लागलं होतं. कस्टमवाल्या आजोबांनी तर डोळे मिटले. तेवढ्यात ताकिनामि एक पाऊल पुढे आले. "गुरुजी? गुरुजी, आपण मुद्दाम..."

"मुद्दाम काय, ताकिनामि," तू म्हणालास. "उघडत नाहीये. बघ ना."

आणि मग, माझ्याकडे न बघता, "बाबांचंच आहे हे. नक्कल नाही."

ताकिनामि वाकले. या वेळी नमस्काराला नव्हे, बघायला. त्यांनी तुझी बाही वर सरकवली, कोपराखालचा तो ताठलेला स्नायू दोन बोटांनी दाबला, दुसऱ्या हाताच्या अंगठ्याच्या मुळाशी बोटाने टकटक केलं, आणि तो अंगठा आत वळून तिथेच बसलेला पाहिला. "हे कधीपासून आहे?" सहा वर्षांत त्या माणसाने तुला विचारलेला हा पहिला शहाणा प्रश्न.

"जन्मापासून," तू म्हणालास. "माझी मूठ आवळली की चटकन सुटत नाही. माझ्या वडिलांचीही सुटत नसे."

एक शब्द चुकला नाही. पाठ केलं होतंस तर.

पुढचं, ऑपरेशनच्या दिवसाचं, तुला भूल दिलेली असल्यामुळे ठाऊक नाही, पण मी योरिकोबरोबर बाहेर बसले होते. ताकिनामिंनी ते औषध वापरलंच नाही, दुसरं वापरलं. तुला गरम ब्लँकेटांत गुंडाळलं. साप्पोरोहून एका भूलतज्ज्ञाला बोलावून घेतलं. बाहेर येऊन ते म्हणाले, "तोंड सहज उघडलं." योरिकोने त्यांना लवून नमस्कार केला आणि तशीच वाकलेली राहिली. तिच्या बाबतीत मात्र मी कारण विचारलं नाही.

तुझ्या शिष्यांबद्दल तुला जी भीती होती ती मी निकालात काढते. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी तू त्यांना बसवून सरळ सांगितलंस, की ही साधना नव्हे, दुखणं आहे. मग न थांबता वीस बाण मारून दाखवलेस, पहिला लांब, शेवटचा पोस्टमनसारखा. मला वाटलं, आता निम्मे उठून जातील. कस्टमवाले आजोबा कपाळ फळीला टेकवून म्हणाले, "एवढा विनय. एवढी निरहंकारिता. गुरुजी आता खरोखर पोहोचले." योरिको सांगते की या आठवड्यात नवे चार जण नाव घालून गेले. तू त्यांना मूठ उघडून दाखवलीस तर ते उघडलेल्या मुठीच्या पाया पडतात. या लोकांवर रोगाचाही उपाय चालत नाही, सत्याचाही नाही. शिकव त्यांना. तुझ्याजवळ आता निदान खोटं काही नाही, आणि सकाळी पहिल्या बाणाआधी गरम पाण्यात हात बुडवायला लाज नाही.

इगावालाही मी कळवलं. त्याने उत्तर पाठवलं की, "गुरुजींच्या लीला अगाध." "स्तम्भ" भिंतीवरच आहे.

आता तुझ्या पोस्टकार्डातलं वाक्य. "ताई, त्या दिवशी तुझाच हात सुटत नव्हता, मी बिचारा तुझ्यासाठी थांबलो होतो."

हे मात्र मी सोडून देणार नाही. माझं दुखणं तुझ्याहून पुष्कळ सौम्य आहे, उगाजिनबाईंना विचार. ताकिनामि तुझी बाही वर सरकवत होते तेव्हाच माझी बोटं मोकळी झाली होती. तुझी उघडायला त्यानंतरही बराच वेळ लागला.

मी हात काढून घेतला नाही, ते स्नायूंच्या बाबतीतलं नाही. तिथे उगाजिनबाईंचं पाठ्यपुस्तक संपतं.

कांजी गुपचूप पी.

मिनेकोताई